लाल ठिपक्याचा कटर

सोलापूर,
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

ती. अप्पा,

शरणु शरणार्थी. तिकडं निंगव्वा आत्तीला आणि घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा.

पत्र बघून दचकू नका. फोन असताना ही पोरगी कागद काळे का करतीये, असं म्हणाल. पण फोनवर तुम्ही दोनदा "हं, हं" करता आणि "घे, आत्तीशी बोल" म्हणून तिच्या हातात देता. मग आत्ती अर्धा तास ज्वारीचं सांगत बसते. शेजारच्या कमलम्मा उद्या सकाळच्या एसटीनं मंगळवेढ्याला लेकीकडं चालल्यात. त्यांच्याबरोबर हे देते. त्यांना बजावून सांगितलंय, अप्पांच्याच हातात द्या, दुसऱ्या कुणाकडं ठेवू नका.

घरी सगळं बरं आहे. अव्वाचा गुडघा थंडी गेल्यापासून जरा हलका झालाय, पण ती कबूल करत नाही. कबूल केलं तर मी तिला देवळात चालत नेईन अशी भीती आहे तिला. पाणी काल आलं, दोन्ही बॅरल भरून ठेवलेत. अव्वा रोज विचारते, चार दिवस म्हणून गेलेला माझा नवरा अजून सुगीत काय करतोय? मी म्हटलं, काढणीला माणसं मिळत नसतील. तुमची बाजू घेतली बघा.

यंदा ज्वारी कशी आहे? तुम्ही उपटायला जाता का अजून, की बांधावर बसून दुसऱ्यांच्या चुका काढता? कंबर सांभाळा म्हणजे झालं.

कामावरही ठीक आहे. शेटनी मला बाकावर बसवलंय. कापून आलेल्या धातूच्या जॉबच्या कडांना बर म्हणून जी कुसळं राहतात ती फाइल मारून काढायची. हात काळे होतात, डोकं लागत नाही. बाकावरच्या बायका चांगल्या आहेत, पण माझ्याशी सुतकातल्या माणसाशी बोलावं तशा हळू बोलतात. मला त्याचाच जास्त राग येतो. पाच ॲक्सिसचं नवं मशीन परवा क्रेननं उतरवलं. शेडमध्ये प्लास्टिक गुंडाळून उभं आहे. मी लांबनंच बघितलं. कंपनीचा माणूस सोमवारी शिकवायला येतोय, आणि त्याच्याबरोबर कोण उभं राहणार त्याचं नाव शेट शनिवारी संध्याकाळी कळवणार आहेत. नवनाथचं देतील असं सगळे म्हणतात. दुसऱ्या पाळीला मशीन लावून देणारा सेटर आहे, हात बरा आहे त्याचा, माणूसही बरा आहे. मला बघितलं की बिचारा उगीच पान्हे शोधायला लागतो.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. चहा केला, प्यायले नाही. आता लिहायला बसलेच आहे तर लिहिते.

त्या सोमवारचं सांगायचं आहे. तुम्ही तिथंच होता, तुम्हाला काय सांगायचं? पण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. त्या दिवसापासून तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी पिशवी उचलली आणि सुगीला गेलात.

सकाळी व्हॉल्व्हच्या ब्लॉकची बॅच लावली होती. कटर घासला होता म्हणून स्टोअरमधून नवा काढला, होल्डरमध्ये बसवला, लांबी मोजली आणि मशीनला दिली. मशीन आंधळं असतं, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कटर किती बाहेर आलाय ते त्याला दिसत नाही, आपण आकडा देऊ तेवढंच त्याला खरं. आकडा चुकला की ते भरधाव खाली येतं आणि थेट जॉबमध्ये घुसतं. म्हणून मी कटर बदलला की आकडा दिल्याशिवाय तिथून हलत नाही. पाणी प्यायलासुद्धा जात नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निघालेले सगळे पीस ओके होते. क्वालिटीवाल्यांनी पास करून घेतले.

सुट्टी संपली. मी आले, पीस बांधला, दार ओढलं आणि स्टार्ट दाबलं.

अप्पा, तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही. दातात खडा यावा तसा आवाज आणि मग काचेवर आतून काहीतरी टणकन आदळलं. लाल दिवा. सगळं बंद.  मी बटण दाबलेलं बोट तसंच हवेत धरून उभी होते, असं नवनाथ नंतर म्हणाला. त्या दिवशी त्याची पाळी बदलून सकाळची होती.

शेट धावत आले. कटर मोडून पडलेला. होल्डरमध्ये उरलेला बुडखा मोजला, मोडलेला तुकडा जोडून बघितला. मी स्क्रीनवर दिलेल्या आकड्यापेक्षा कटर चांगला बोटभर जास्त बाहेर. शेट म्हणाले, "दानेश्वरी, कटर बदललास आणि लांबी दिली नाहीस? अगं, ही तर आयटीआयच्या पोरांची चूक झाली!"

मी म्हटलं, मी बदललाच नाही. सकाळी बसवला तोच आहे.

तेव्हा सगळ्यांनी तुमच्याकडं बघितलं. बघणारच. चिंचोळीच्या अख्ख्या एमआयडीसीत मशीनचा वाद मल्लप्पांनी सोडवायचा, हा रिवाजच आहे. मीपण तुमच्याकडंच बघितलं. मला वाटलं, आता अप्पा म्हणतील, माझी पोरगी अशी चूक करत नाही, थांबा जरा, नीट बघू. तुम्ही पिवळ्या फडक्याला हात पुसलेत आणि किती मऊ आवाजात म्हणालात, "बदलला असशील की. विसरली असशील. हुतंय असं."

तुम्ही ओरडला असतात तर मी भांडले असते. तुम्ही शिव्या दिल्या असत्यात तर मी दुप्पट दिल्या असत्या, तुमचीच जीभ आहे माझ्या तोंडात. पण तुम्ही समजूत घातलीत आणि मी गप्प झाले. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच झालं असणार, असं वाटलं मला.

पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. मी स्वतःवरचा भरवसा घालवून बसले. गॅस बंद केला का ते जाऊन जाऊन बघायला लागले. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि परत येऊन ओढून बघायचं. एकदा अव्वाला विचारलं, आपल्या घराण्यात कुणाला विसरायचा आजार होता का गं? ती म्हणाली, आजार नव्हता, पण तुझ्या आजोबांना दुसऱ्याच्या पानातली भाकरी आपली वाटायची. ती हसली. मला हसू येईना. मी खरंच धरून चालले होते, की मी कटर बदलला आणि ते माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं. असलं डोकं घेऊन मशीनवर कोण उभं राहील? म्हणून शेटनी बाकावर बसवलं तेव्हा मी एक शब्द बोलले नाही.

आज मला साप्ताहिक सुट्टी. दुपारी अव्वानं तुमची डब्याची पिशवी धुवायला काढली. तुम्ही गेल्यापासून खुंटीलाच होती. तिनं पिशवी उलटी केली आणि मला हाक मारली, "दानी, हे काय गं? पेन्सिलीएवढं आहे आणि केवढं जड!"

पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला कटर होता. नवा. धार कोरी, काळी चकाकी तशीच. आणि दांड्यावर लाल ठिपका.

तो ठिपका माझ्या नेलपेंटचा आहे, अप्पा. मी स्टोअरमधून काढलेल्या प्रत्येक कटरला लावते, दुसऱ्याच्या कटरमध्ये मिसळू नये म्हणून. नवनाथ चिडवतो, मशीनला नटवती म्हणून. त्या सोमवारी सकाळी मी लावलेला ठिपका. त्यावर घाईत माझं बोट लागून एका बाजूला पसरला होता, तोसुद्धा तसाच.

अव्वाला म्हटलं, कामाचं आहे, दे इकडं. आणि मोरीत जाऊन कडी लावून बसले. बॅरलमधलं पाणी तांब्यानं बादलीत ओतत राहिले. रडायला नाही. रडू आलंच नाही. आवाज व्हावा म्हणून ओतत राहिले.

मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. सोमवार होता. सोमवारी तुमचा उपवास. सगळे कॅन्टीनला जातात, तुम्ही मशीनपाशी स्टूल घेऊन बसता. वर्षानुवर्षं बसता, म्हणून कुणाला त्यात काही वाटत नाही. माझा नवा कटर तुम्ही काढलात. त्याच्या जागी जुना घासलेला बसवलात, मुद्दाम जास्त बाहेर ठेवून. आकडा माझाच राहू दिलात.

जुना का, तेही कळलं. मोडायचाच आहे तर नवा कशाला वाया घालवा! आणि नवा तुमच्याच्यानं फेकवला नाही. स्टोअरला परत देता येईना, कचऱ्यात टाकवेना, म्हणून डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलात.

आणि एक. वेगाचा नॉब. मी सकाळी तो शंभर टक्क्यांवर ठेवला होता, चालू बॅचला कुणीही शंभरावरच ठेवतं. मोडतोड झाल्यावर मी बधीर होऊन पॅनेलकडं बघत होते, तेव्हा तो पंचवीसवर होता. दिसलं होतं मला. डोक्यात शिरलं नव्हतं. शंभरावर असता तर मशीन चौपट वेगानं खाली आलं असतं, कटर धरून फिरवणारा स्पिंडल गेला असता, महिनाभर मशीन उघडून पडलं असतं. पंचवीसवर होता म्हणून नुसता कटर मोडला आणि एक पीस गेला. नंतर स्पिंडलला डायल लावून बघितलं तर काटा जागचा हलला नाही, स्पिंडल सरळच. शेट म्हणाले, देवानं वाचवलं. कसला देव! अपघात इतका जपून होतो का कुठं?

तुम्ही स्पिंडल जपलात. कटर जपलात. मी दार लावल्याशिवाय स्टार्ट दाबत नाही हेसुद्धा तुम्ही धरून चालला होता, म्हणजे माझे डोळेही जपलेत म्हणा. सगळं जपलंत, अप्पा. मला तेवढं नाही जपलंत.

मी हे लिहितेय आणि मला अजून खरं वाटत नाही. तुम्ही आहात ते. लूमची दातेरी चाकं हातमशीनवर कापता कापता ज्यांनी रात्रशाळेत नाही, कुठं नाही, नुसतं बघून बघून हे नवं मशीन शिकून घेतलं, आणि मग मला शेजारी उभं करून शिकवलं. लोक म्हणाले, पोरीला असलं काम? तर तुम्ही म्हणालात, मशीनला मिशी बघून चालायची सवय नाही. अख्खी शेड हसली होती. ते तुम्हीच ना?

शेटनी त्या आधीच्या शुक्रवारी पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, नव्या मशीनवर दानेश्वरी, आणि मल्लप्पा तिच्या मदतीला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. घरी येऊन मी तुमच्या पाया पडले. तेच कारण आहे का? दुपारपासून दुसरं कारण शोधतेय आणि सापडत नाही. सापडलं तर मला हवं आहे. काहीही सांगा, मी ऐकून घेईन. आपण घरात जसं विचारतो तसंच विचारते. याकप्पा? का केलंत?

अव्वाला काही सांगितलेलं नाही. शेटनाही नाही. कटर माझ्यापाशी आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी थांबते. तुम्ही शेटना सांगितलंत तर मी तिथं एक अक्षर बोलणार नाही. नाही सांगितलंत तर मी कटर घेऊन त्यांच्या टेबलापाशी जाईन. धमकी देत नाही. मला माझं मशीन हवं आहे, आणि माझं डोकं ठिकाणावर आहे हे चारचौघांत परत हवं आहे. ते तुमच्यासाठीसुद्धा सोडता येणार नाही मला. सोडता येईल का असं दुपारभर करून बघितलं.

जेवून घ्या वेळेवर. आत्तीच्या हातचं तिखट तुम्हाला सोसत नाही, दही मागून घेत जा.

पत्राखाली दरवेळी "तुमची लाडकी दानी" लिहिते. आज हजेरीतलं नाव लिहिते. त्यात दुसरं तुमचं आहे, ते कुणाला काढता येत नाही.

दानेश्वरी मल्लप्पा


मंगळवेढा,
शनिवार, सकाळ

चि. दानी,

आशीर्वाद. कमलम्मांनी पत्र काल शेतात आणून दिलं. त्या आज दुपारच्या गाडीनं माघारी निगाल्यात, म्हणून घाईनं लिवतोय. माजं अक्षर तुला ठाऊक हाय, संभाळून घे.

व्हय. मीच केलं.

दुसरं कारण न्हाय. तू मागितलंस म्हणून रातभर हुडकलं, पण न्हाय सापडलं. शेट हसून म्हणले, मल्लप्पा तिच्या मदतीला; माज्या कानानं ऐकलं, हाताखाली. मी बी हसलो. घरी येऊन तू पाया पडलीस तवा तुज्या डोक्यावर हात ठेवाय माजा हात उचलंना. तू वाकूनच हुतीस, तुला दिसलं न्हाय. तुला मीच शिकवलं, दुसरं कोण शिकवनार हुतं? आन त्याच शिकवण्याचा मला राग आला. लोक इचारतील, मल्लप्पा कुटं हाय आता? तर सांगायचं, पोरीच्या हाताखाली पान्हे देतोय.

तू लिवलंस, सगळं जपलं, मला न्हाय. खरं हाय. नॉब फिरवताना माज्या मनात काय आलं ते सांगतो. मशीन गेलं तर परत यायचं न्हाय, आन पोरीचं काय, चार दिस रडंल, उद्या लगीन करून जाईल. असं आलं. दानी, असा इचार करनारा मानूस माज्यात हाय हे मला बी त्याच घडीला कळलं. तुजा कटर परत बसवायला येळ हुता. नॉब जाग्यावर न्यायला बी येळ हुता. मी स्टुलावर बसून ऱ्हायलो. तुमी सगळे हात धुऊन येताना बघत हुतो.

आन मग "विसरली असशील" म्हटलं. त्यानं तुज्या डोक्यात काय घातलं ते तुज्या पत्रात वाचलं. गॅस बघत फिरलीस. कटर मोडला त्याच्यापरीस ते वाईट केलं.  तुज्या आत्तीला बी सांगितलं सगळं. ती माज्याशी बोलंना झाली हाय.

तू सांगितलंस तसं संध्याकाळपर्यंत थांबलो न्हाय. कालच बांधावरनं शेटना फोन लावला. कटर, नॉब, सगळं सांगितलं.   शेट म्हणले, पोरीला ठाऊक हाय का? मी म्हटलं, तिनंच धरलं मला, दुसऱ्या कुनाच्या बापाला बी कळलं नसतं. बोलून गेलो.  सोमवारी तुज्याशिवाय नवं मशीन उघडायचं न्हाय असं कंपनीच्या मानसाला कळवतो म्हणले. आज तुला सांगतील. चारचौघांत सांगा, असं मी हात जोडून म्हटलंय. मला या म्हणले न्हाईत, येऊ नका बी म्हणले न्हाईत. मी इचारलं न्हाय.

तुज्या अव्वाला, सावित्रीला, मी येऊन सांगनार हाय. तू सांगू नको, त्ये ओझं तुजं न्हाय. ती घरात घेईल का न्हाय ते तिनं ठरवावं.

एक लिवायचं ऱ्हायलं. नव्या मशीनचा पयला पीस ज्यानं शिकवलं त्याच्या हातात द्यायचा, ही आपल्या धंद्यातली पद्धत. तू मनानं मोठी हायस, तू आणशील. आणू नको. मी मागितला तर बी देऊ नको मला.

खाली "तुजा अप्पा" लिवाय घेतलं हुतं. हात हुईना.

मल्लप्पा